जाळीखालचा गुंता

आज सुनेनं बाथरूमच्या जाळीत खायचा सोडा टाकून लिंबू पिळलं, फसफस झाली आणि मला माझी सासू आठवली. तेव्हा मी नवी सून, नाक मोठं, अक्कल बेताची, मिरवायला गुडघ्यापर्यंत वेणी. मोरी घाण मारायची. "आत्याबाई, हा म्हातारपणाचा वास. तुम्ही मागं हातपंपावर न्हात जा," मी सांगितलं. "बरं माय, माह्या हाडाले काय होते!" असं हसून ती पौषाच्या थंडीत बाहेर न्हाऊ लागली. माघात ती गेली. वास काही गेला नाही. तेरवीनंतर जाळी उचकटली, तर खाली माझ्याच लांब केसांचा कुजका गुंता. "वास गेला, आई. गरम पाणी काढलं, आधी तुम्ही न्हा," सून आज म्हणाली. आत गेले, पण पहिला तांब्या काही अंगावर घेववेना.