काखेत स्टिअरिंग

दोन हजार तेवीस सालचा डिसेंबर. दिल्लीत ऐन हिवाळा. त्या एका महिन्यात एका गाडीचे इतके किस्से झाले की विचारू नका! किस्से गोळा करावे लागत नाहीत. जुन्या इंजिनाखाली तेल साचतं तसे साचतात. वाकून बघावं लागतं, एवढंच.

मी फौजेतला मेकॅनिक. शाळा सातवीपर्यंत. रिटायर झाल्यावर गाझियाबादला शेड टाकली. द्वारकेचे डॉक्टर केळकर आपल्या काळ्या विलायती गाडीला माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. गाडी साठ सालची. डॉक्टरांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पंचाईत झाली. स्टिअरिंग परातीएवढं, सीट मागे सरकत नाही, पाय वाकत नाही. आत घालायला दोन माणसं, बाहेर काढायला तीन!

मुलगा निखिल म्हणाला, "बाबा, एकट्याने चढता-उतरता येत नसेल तर गाडी विकून टाकू. गुडगावचे एक साहेब घेताहेत. महिनाअखेरीला येतील."

डॉक्टरांनी मला फोन केला. "सुभेदार, गाडी जातेय."

"जात नाही," मी म्हणालो. फोन ठेवला.

*

आधी लहान स्टिअरिंग बसवलं. डॉक्टर झोकात आत बसले! पण या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. स्टिअरिंगचं चाक लहान केलं की फिरवायला जड होतं. शेडबाहेरच्या वळणावर डॉक्टरांनी जोर लावला, थंडीत घाम फुटला, गाडी आपली सरळ.

"सुभेदार, वळत नाही!"

शेजारचा खरादवाला, म्हणजे लेथवाला, बलबीर हातातलं काम टाकून ओरडला, "डॉक्टर साब, सीधे हरिद्वार हो आओ! उधर मोड़ कम हैं!"

लहान चाक त्याच दिवशी निघालं.

*

मग मूळचं मोठं चाकच ठेवलं, पण काढता-घालता येईल असं केलं. शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं. मधला तुकडा बलबीरने खरादवर काढला. चाकामागचं कडं ओढलं की चाक हातात. दाबलं की खटका वाजून जागेवर. माझा कायदा एकच: खटका ऐकल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

डॉक्टरांना कमी ऐकू येतं, हे कुणाच्या लक्षात होतं! ते चाक दाबायचे, कान लावायचे, परत काढायचे. शेवटी केळकरवहिनी जवळ उभ्या राहून ओरडायला लागल्या, "वाजला!"

चार दिवसांत सोसायटीच्या वॉचमनने हे उचललं. गाडी पार्किंगमध्ये, हा गेटवर. तिथून ओरडायचा, "बज गया, साहब!"

मी दम भरला. "डॉक्टर, वहिनींचं ऐकायचं. वॉचमनचं नाही!"

*

डॉक्टरांना एक सवय. हातात काही असलं की ते वहिनींकडे द्यायचं. पिशवी, चष्मा, छत्री. एकदा चढताना चाकही दिलं. मी तपासायला पुढे बसलो होतो, म्हणून वहिनी मागे बसल्या. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे केले. हातात हवा!

"अगं, चाक कुठाय?"

"माझ्या मांडीवर," वहिनी म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मागून मीच चालवतेय. आज चाक मिळालं, एवढंच."

*

धौला कुआँजवळ ट्रॅफिकच्या हवालदाराने थांबवलं. जुनी गाडी दिसली की थांबवणारच. "ताऊ, नीचे आओ. कागज दिखाओ."

डॉक्टरांनी चाक काढलं, काखेत मारलं आणि उतरले. हवालदार दोन पावलं मागे!

"ताऊ, कागज माँगे थे. पूरी गाड़ी थोड़े ही माँगी थी!"

*

महिनाअखेरीला गुडगावचे साहेब आले. जाड कोट, भारी बूट. निखिलने त्यांना फोनवर कबूल केलं होतं की आधी गाडीतून एक चक्कर मारू.

"शब्द दिलायस ना?" डॉक्टर म्हणाले. "मग मीच फिरवतो."

निखिल हात द्यायला पुढे झाला. मी त्याचं मनगट धरलं. डॉक्टर स्वतः आत बसले. चाक दाबलं, वहिनींनी बाहेरून हाक दिली, गाडी निघाली. साहेब पुढे, मी आणि निखिल मागे.

साहेब मजेत बोलत होते. "लाल रंग करवाऊँगा. अपने होटल के गेट पर खड़ी करूँगा, लोग सेल्फी लेंगे!"

डॉक्टर रस्ता बघत होते.

मेट्रो स्टेशनच्या दारात गाडी थांबली. डॉक्टरांनी कडं ओढलं. चाक काढलं. एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. उभे राहिले. निखिल मागून बघत होता. कुणाचा हात नाही, कुणाचा खांदा नाही! डॉक्टर बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले आणि साहेबांचं दार उघडलं.

"साहब, मेरे बेटे ने आपसे एक चक्कर का वादा किया था. हो गया. घर के लिए मेट्रो यहीं से मिलेगी."

साहेब उतरले.