चौदाव्या रकान्यातलं निरंक

नोकरी चालू असते तेव्हा माणसाला वाटतं, काय हा रोजचा वैताग. रिटायर झालं की त्याच वैतागाचे किस्से होतात. आम्ही पाच-सहा जणी संध्याकाळी गोदेच्या काठाने फिरायला जातो. कुणाकडे बँकेतले किस्से, कुणाकडे शाळेतले. माझ्याकडे खुनाचे! म्हणजे खुनाच्या आकड्यांचे. जिल्ह्यातल्या गुन्ह्यांचे आकडे गोळा करून वर पाठवणाऱ्या टेबलावर मी सगळी नोकरी काढली. कचेरी कुठली ते सांगत नाही, पण नाशिकमधलीच. मैत्रिणी म्हणतात, तुझे किस्से ऐकून हसून हसून पोट दुखतं. दुखत असेल. मी त्यातला शेवटचा सांगत नाही.

आज सांगते.

*

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. पोलीस ठाण्यांकडून तक्ते यायचे आणि त्यांची बेरीज करून जिल्ह्याचा एक तक्ता करायचा. खून, खुनाचा प्रयत्न, दरोडा, दुखापत, असे ओळीने रकाने. चौदावा रकाना होता ‘साक्षीदारास धमकी’. त्यात बेरीज करायला काहीच आलं नव्हतं, म्हणून मी तो रिकामा सोडला. आठ दिवसांत तक्ता वरून परत आला, चौदाव्या रकान्याभोवती लाल पेनाने गोल काढून.

आमचे हेडक्लार्क पगारे भाऊसाहेब मोठे प्रेमळ गृहस्थ. ओरडले नाहीत. मला शेजारी बसवून म्हणाले, “मॅडम, रकाना रिकामा ठेवला की वरच्यांना वाटतं, आपण विचारलंच नाही. निरंक लिहिलं की वाटतं, विचारलं आणि काही निघालं नाही.”

मी भाबडेपणाने विचारलं की आपण विचारलं होतं का. भाऊसाहेबांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

*

पुढे पुढे ‘निरंक’ लिहून हात दुखायला लागले, तेव्हा भाऊसाहेबांनी मेन रोडवरून त्याचा रबरी शिक्काच करून आणला. जांभळ्या शाईचा. कॉम्प्युटर आले तरी ठाण्यांच्या कागदी प्रतींवर तो उमटतच राहिला.

आमच्याकडे खंडेनवमी दणक्यात व्हायची. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी आपापल्या हत्यारांची पूजा. ठाण्यांत बंदुका पूजतात. आमच्याकडे कॉम्प्युटर, पंचिंग मशीन, स्टेपलर आणि पाटावर मधोमध तो शिक्का! भाऊसाहेब त्याला हळदकुंकू वाहायचे. वर्षभर याच्याइतकं काम कुणीच करत नाही, असं म्हणायचे आणि ते खरंही होतं.

फुलं आणायची मंदाबाई. दिंडोरीच्या अलीकडे त्यांचा झेंडूचा मळा आणि पंचवटीच्या बाजारात तिची हाराची जागा. टोपली उचलायला सोबत धाकटा भाऊ रामदास असायचा. दारातूनच ओरडायचा, “ताई, यंदा कोणत्या मशिनीला मोठा हार?” कचेरीत मोठ्याने हसणारा तो वर्षातून एकदाच यायचा.

*

कोर्टाच्या कामाला आमचे हवालदार गांगुर्डे. समन्स बजावायचं, साक्षीदार वेळेवर कोर्टात उभा करायचा, ही त्यांची ड्युटी. एका चाकूच्या केसमधला साक्षीदार येतो-येतो म्हणून टाळत होता, म्हणून गांगुर्डे त्याला सकाळी घरून स्वतःच्या मोटारसायकलवर घेऊन आले. वाटेत त्याला मिसळ खाऊ घातली. एक्स्ट्रा पावसुद्धा घेतला पठ्ठ्याने.

कोर्टात गडी उभा राहिला. भांडण पाहिलं नाही. आरोपीला ओळखत नाही. जबाबावरची सही आपली नाही. जज्जसाहेब वैतागले आणि गांगुर्ड्यांकडे बोट करून म्हणाले, यांना तरी ओळखता का?

“नाही साहेब. पहिल्यांदाच बघतोय.”

हा किस्सा गांगुर्ड्यांनी सांगितला तेव्हा आख्खी कचेरी टेबलं बडवत होती. ते मात्र हसत नव्हते. मिसळीच्या दुकानात दोन पोरं शेजारच्या बाकावर येऊन बसली होती म्हणाले. शिवी नाही, दम नाही. त्यातल्या एकाने त्या माणसाला एवढंच विचारलं होतं, तुमच्या मुलीची शाळा सकाळचीच ना? मग ती दोघं चहा पिऊन निघून गेली.

त्या महिन्यातही चौदावा रकाना निरंक गेला. शाळेची वेळ विचारणं कुठल्या कलमात बसवायचं?

*

एकदा वरून व्हिडिओ कॉन्फरन्स लागली. नवीनच आलेले एक तरुण साहेब आकडे नीट वाचून बसले होते. त्यांनी विचारलं, तुमच्या जिल्ह्यात इतके साक्षीदार कोर्टात फितूर होतात आणि धमकीचा रकाना वर्षानुवर्षं निरंक कसा? कुणी घाबरवत नाही, तर लोक फिरतात कशाला?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी भाऊसाहेब माईकजवळ सरकले आणि गंभीरपणे म्हणाले, “सर, आमच्याकडे लोकांना विसरायला फार होतं.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. पुढे काही महिन्यांत त्यांची बदली झाली आणि तो प्रश्न परत कुणी विचारला नाही. हा किस्सा मी आजवर किमान पन्नास वेळा सांगितला असेल आणि पन्नास वेळा लोक हसलेत.

*

मग रामदास गेला. बाजारात टोपली कुठे मांडायची यावरून भांडण झालं आणि तिघांनी त्याला लोखंडी सळईने मारलं. पहाटेची गर्दी होती. पाहिलं सगळ्यांनी, पण जबाब एकट्या मंदाबाईने दिला. बहीणच ती, काय करणार? आमच्याकडे तो खुनाच्या रकान्यात एक म्हणून आला. मी बेरजेत घेतला.

केस उभी राहायच्या आधी एका दुपारी मंदाबाई कचेरीत आली. सोबत गांगुर्डे होते. फुलं नव्हती, म्हणून क्षणभर मी तिला ओळखलंच नाही. रोज सकाळी एक माणूस हार घ्यायला येतो म्हणाली. घेत काहीच नाही, नुसती ऑर्डर सांगून जातो.

“म्हनतो, मावशी, दहाव्याला हार लागंल, बांधून ठेव. मी म्हनलं, केवढा? तर म्हनला, फोटोच्या मापाचा. फोटो तुझ्याच घरात हाय. पोरीचा. बक्षीस घेतानाचा.”

मंदाबाईची मुलगी नर्सिंगला होती, रोज एसटीने शहरात यायची. दहावीला पहिली आली तेव्हाचा फोटो तिने मोठा करून भिंतीवर लावला होता. त्या माणसाने तो कधी पाहिला, हे तिला कळत नव्हतं. ठाण्यात ती दोनदा जाऊन आली होती. तिथे तिला सांगितलं की हाराची ऑर्डर देणं हा गुन्हा होत नाही.

“हितं समद्या जिल्ह्याचं लिवून घेत्यात म्हनं. माझं लिवून घ्या, ताई. कुठंतरी लिवलेलं पायजे.”

मी पेन्सिल घेतली आणि चौदाव्या रकान्यात तिच्यासमोर एकचा आकडा लिहिला. ती तो बराच वेळ बघत होती. नीट वाचता येत नव्हतं तिला, पण एक कळतो. जाताना तिने माझ्या टेबलाला हात लावून नमस्कार केला.

ती गेल्यावर भाऊसाहेब आले. ठाण्याचा तक्ता निरंक असताना आपल्या बेरजेत एक कुठून आला, हे ते विचारणार हे मला माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही. नुसतं खोडरबर माझ्यासमोर ठेवलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. ठाण्यात गुन्हा दाखल नसेल तर बेरीज जुळत नाही आणि बेरीज जुळली नाही तर तक्ता परत येतो. हे मला कुणी समजावायची गरज नव्हती.

ते मी स्वतः खोडलं. शिक्काही मीच मारला. भाऊसाहेबांवर ढकलता आलं असतं तर मला झोप बरी लागली असती.

*

मंदाबाईची साक्ष खंडेनवमीच्या आठवडाभर आधी झाली. गांगुर्डे तिला घेऊन गेले आणि परत आल्यावर माझ्या टेबलाशी उभेच राहिले. ती पिंजऱ्यात पाच मिनिटंसुद्धा नव्हती म्हणाले. अंधार होता, मारणारे दिसले नाहीत, एवढंच ती बोलली. नंतर कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून राहिली, पाणीही घेतलं नाही तिने. गांगुर्ड्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या फितूर साक्षी पाहिलेला माणूस, पण त्या दिवशी तो घरी लवकर गेला.

मला वाटलं, यंदा ती फुलं आणणार नाही. भाऊसाहेब दुसरीकडून मागवू म्हणत होते, तेवढ्यात ती दारात आली. टोपली स्वतःच उचलून आणली होती. झेंडू मोकळा केला, आंब्याचे डहाळे बाजूला ठेवले, स्टेपलरला, पंचिंग मशीनला, शिक्क्याला एकेक फूल दिलं. मी मुलीची चौकशी केली. बरी हाय, म्हणाली.

सगळं झाल्यावर तिने टोपलीच्या तळाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक हार काढला. पांढऱ्या शेवंतीचा, दाट गुंफलेला. असा हार खंडेनवमीला कुणी आणत नाही.

“रोज नवा बांधून ठेवत हुते, ताई. आता न्यायला कोन येनार नाय. तुमच्याकडं चालंल का?”

भाऊसाहेबांना त्या ऑर्डरचं काही माहीत नव्हतं. त्यांनी कौतुकाने तो हार दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्या कॉम्प्युटरला घातला. स्क्रीनवर त्या महिन्याचा तक्ता उघडाच होता. दोन पावलं मागे सरकून त्यांनी नीट पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले,

“वा! अगदी मापाचा बसला की, मंदाबाई.”