गायकवाड मामांची निळी काच

गायकवाड मामा जेवायला बसले, की स्टीलचं ताट आधी उजेडाकडे धरायचे. स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसला तरच वाढून घेणार! सणसवाडीच्या एका छोट्या कारखान्यात वीस वर्षं ते गाड्यांच्या हेडलाइटच्या वाट्यांना मुलामा देत होते. घर केडगावला, खोली सणसवाडीत, आणि जीव कारखान्यातल्या पेटीत. त्या पेटीतली हवा काढून धातूची तार तापवायची. तिची वाफ होऊन समोरच्या वस्तूवर बसते. आज मामा नाहीत, पण त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी शिरूरची, पुण्यात पीएच.डी. करत होते. मोबाइल अजून सगळ्यांच्या हातात आले नव्हते तेव्हाची गोष्ट. मला हवी होती केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक टोकाची सुई, वर चांदीचा मुलामा दिलेली. तिच्यावर लेसर सोडला, की टोकाशी उजेड एकवटतो आणि खालचा रेणू कोणता ते पडद्यावरच्या रेघेत उमटतं. आमच्या विभागातली मुलाम्याची पेटी बंद पडलेली, म्हणून मामांच्या मालकांची परवानगी काढून मी सणसवाडी गाठली.

"ताई, तुमी निर्धास्त ऱ्हावा," मामा म्हणाले. "अशी चमकावतो, की बघणाऱ्यानं त्यात बघून भांग पाडावा!"

आणि खरंच चमकावल्या हो त्यांनी दहाच्या दहा सुया! सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तर प्रत्येकीच्या टोकाला काडीपेटीतल्या काडीसारखा चांदीचा गूल. टोकच उरलं नव्हतं, पडद्यावर काही दिसणार कुठून? आमच्या सरांनी बजावलं, "महिनाअखेरपर्यंत काही दिसलं नाही, तर विषय बदला." माझी दोन वर्षं पाण्यात जायची वेळ आली आणि कोऱ्या सुया उरल्या होत्या पाच. मी तणतणत सणसवाडीला गेले आणि चार कामगारांसमोर बोलले, "मामा, तुमच्या चमकेनं माझं वाटोळं केलं!" त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

आठवड्याने मालकांनी निरोप धाडला. गेले, तर खिडकीत बारा काचपट्ट्या ओळीने उभ्या. पाळी संपली की मामा रोज थांबत आणि प्रत्येक पट्टीवर आधीपेक्षा कमी चांदी चढवत. शेवटच्या पट्ट्यांवर चांदी इतकी पातळ, की आरपार येणाऱ्या उजेडात त्या चक्क निळ्या दिसत होत्या.

"ह्या मोजून आणा. तुमाला कुठली पायजे ती सांगा."

मोजल्या. सगळ्यांत निळी होती, तिच्यावरच्या चांदीची जाडी मला हवी होती तेवढीच निघाली!

मग शेवटच्या पाच सुया. त्यांच्या शेजारी मामांनी एक कोरी काच ठेवली, मागे दिवा लावला आणि पेटीच्या झरोक्याला डोळा लावला. काच निळी झाली आणि त्यांनी झटकन बटण बंद केलं.

"आजून जरा द्यावं वाटतंय बघा," असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. "पर न्हाई. हाव न्हाई करायची."

रविवारी त्यांची सुट्टी. इस्त्रीचा शर्ट घालून, सुयांची डबी मांडीवर धरून ते माझ्यासोबत एस.टी.ने पुण्याला आले. मी सुई नमुन्यावर टेकवली. पडद्यावरची सपाट रेघ एकदम उसळून उभी राहिली! मी किंचाळले. सर धावत आले. मामा मात्र शांत.

"ताई, सुई वर घ्या." रेघ सपाट.

"आता खाली." रेघ पुन्हा उभी.

पाच वेळा त्यांनी मला तेच करायला लावलं. आपल्याच चांदीची करामत आहे याची खात्री पटली तेव्हा कुठे ते हसले. सरांनी स्वतः त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला. चहा तसाच ठेवून मामा समोरच्या पीसीओवर धावले. केडगावच्या दुकानात फोन लावून त्यांनी मामींना बोलावून घेतलं आणि सगळा रस्ता ऐकेल एवढ्या मोठ्यानं ओरडले,

"अगं, जमलं! इतकी बारीक चांदी दिली म्या, इतकी बारीक, की डोळ्यांना दिसत बी न्हाई!"