दवाखान्यातलं ‘मे’ आणि ‘कुड’

माझ्या वडिलांचं तलवाड्याला किराणा दुकान. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. साखरेचा आजार जुना. गोदामात पायात खिळा घुसला तेव्हा त्यांनी हळद दाबली आणि कुणाला काही सांगितलं नाही. पाऊल काळंनिळं पडून सुजलं, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं, दादानं, त्यांना बीडच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. मी तेव्हा उमापूरला शाळेत इंग्रजी शिकवत होते. रजा मिळवून बीडला पोचले तर अप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवणाचा डबा उघडलेलाही नव्हता. आई खाली चटईवर बसली होती. म्हणाली, “सकाळी चपला देऊन टाकायला लावल्या मला. म्हणले, आता कशाला लागतात? झाडायला येते तिच्या नवऱ्याला दिल्या.”

दादा मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला.

“पाय काढणार हायेत,” तो म्हणाला. “मी सांगितलंय अप्पाला. लपवून काय करू?”

“डॉक्टर तुला म्हणाले तसं?”

“मला कुठं? सोबतच्या डॉक्टरला सांगत होता, इंग्रजीत. मी तिथंच उभा होतो. दहावीपर्यंत इंग्रजी मीबी शिकलोय.”

“काय म्हणाले? शब्द सांग. अर्थ नको सांगू.”

गिऱ्हाइकानं एका दमात सांगितलेलं सामान न विसरता बांधून देणारा माणूस तो. त्यानं एकेक शब्द नीट सांगितला, “वी कुड सेव्ह द फूट, बट ही मे लूज इट.”

“आणि तुला काय कळलं?”

“कुड म्हंजे कॅनचा भूतकाळ. वाचवू शकत होतो. म्हंजे आता उशीर झाला. आन् मे म्हंजे परवानगी. मे आय कम इन, सर. पाय काढायला परवानगी हाय. दुसरं काय?”

त्याला मी काय बोलणार होते? आमच्या सगळ्यांच्या गाइडात हेच छापलेलं असायचं. ‘मे’ची ओळख वर्गाच्या दारात उभं राहून झालेली, आणि ‘कुड’ क्रियापदांच्या रूपांत घोकलेलं. पाय वाचवता आला असता, पण आता वेळ गेली, असं म्हणायचं तर इंग्रजीत ‘कुड हॅव सेव्ह्ड’ म्हणावं लागतं. नुसतं ‘कुड’ तिथं पुढचं बोलत होतं. पाय वाचवता येईल, पण जाऊही शकतो, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. दोन्ही दारं उघडी होती. माझ्या भावाला दोन्ही बंद दिसली आणि तेच त्यानं आमच्या बापाला सांगितलं.

“तू विचारलं नाहीस त्यांना?”

“विचारलं की. बघू म्हणला आन् गेला.”

‘बघू’ ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरले. तरुण माणूस, आवाज मऊ. मी कोण ते सांगितलं, दादाला काय कळलं तेही सांगितलं.

“पण मॅडम, मी मे म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“कुणाला म्हणालात?”

ते म्हणाले, “हे बघा, नक्की असं मी काहीच सांगू शकत नाही. आणि शक्यता सांगितली की लोक बिथरतात. पेशंट उचलून कुठंतरी लेप लावायला नेतात.”

“म्हणून त्यांना कळणार नाही अशा भाषेत बोलायचं? माझ्या भावाला अर्धं कळलं. त्या अर्ध्यावर माझ्या बापानं अन्न सोडलंय.”

“तुम्ही इंग्रजीच्या टीचर आहात ना? मग तुम्हीच समजावून सांगा की.”

“त्यांचा पाय मी बघत नाही. तुम्ही बघता. तुम्ही चला.”

ते आले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. खाटेजवळ उभे राहिले आणि चांगल्या मराठीत म्हणाले, “आजोबा, तुमचा पाय वाचू शकतो. नक्की नाही, पण आशा बरीच आहे. एखाद-दोन बोटं कदाचित काढावी लागतील. आधी जखम साफ करतो, मग रक्त कसं फिरतंय ते पाहू.”

मिनिटभरसुद्धा लागलं नाही. ‘शकतो’, ‘कदाचित’, ‘आशा’, सगळे शब्द त्यांच्या तोंडात होते. घरी आईशी ते याच शब्दांत बोलत असतील. मग इथं कुठं ठेवून आले होते?

अप्पांनी भिंतीकडचं तोंड डॉक्टरांकडे वळवलं.

“मग हे आदी कावून न्हाई सांगितलं?”

डॉक्टरांनी नर्सकडे सलाइनची चौकशी केली. त्या संध्याकाळी अप्पांनी भाकरी कुस्करून दुधात खाल्ली. आईनं तोंडावर पदर घेतला. मी मात्र रडले नाही, मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

दोन बोटं गेली. पाय राहिला. त्या माणसाचा हात चांगला होता, हे कबूल करावं लागतं, आणि त्यामुळे माझा राग उलट वाढलाच. काम येत नसतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. काम येत होतं, फक्त समोरच्याला माणूस समजून बोलणं त्यांना गरजेचं वाटलं नव्हतं.

अप्पा दवाखान्यात असतानाच मी शाळेत परतले. नववीच्या वर्गात गाइड मिटायला लावलं आणि फळ्यावर तेच वाक्य लिहिलं. कुणाचं ते सांगितलं नाही. पाय गेला का, असं विचारलं. जवळजवळ सगळ्या वर्गानं गेला म्हणून सांगितलं. मग तास संपेपर्यंत आम्ही मे, माइट, कुड हेच करत बसलो, आजाराची, एसटीची, निकालाची वाक्यं घेऊन. मुख्याध्यापकांनी दारातून ऐकलं असावं. मधल्या सुट्टीत म्हणाले, “बाई, परीक्षेला परवानगीचा मे येतो. एवढ्या खोलात कशाला शिरता?”

“दवाखान्यात दुसरा येतो, सर,” मी म्हणाले. त्यांनी चहाचा कप उचलला आणि विषय बदलला. मी तो धडा तसाच शिकवत राहिले. अजूनही शिकवते.

अप्पा घरी आले त्या दिवशी दादा त्यांच्यासमोर खाली बसला. “चुकलं माझं, अप्पा. मी न समजता बोललो.” चाळिशी ओलांडलेला माझा भाऊ मान वर करत नव्हता.

अप्पा म्हणाले, “तुझं काय चुकलं? तुला जेवढं शिकवलं तेवढं तू सांगितलं.” मग म्हणाले, “पण पाय असून मी ते दिवस लंगड्यावाणी काढले बाबा.”

मी दारात उभी होते. माफी मागायची होती ती दवाखान्यातल्या माणसानं, आणि मागत होता माझा भाऊ. दादा दुकान उघडायला उठून गेला. मी उमापूरची परतीची गाडी धरली.