मंगलचा पैरा

मंगल नेमकं काय करते, हे पासली गावात कुणाला धड सांगता यायचं नाही, आणि मंगलला तर मुळीच नाही. मार्गासनीला डॉक्टरीणबाईंनी कंबर चेपून बघता बघता विचारलं होतं, "काम काय करता, काकू?" तर मंगल गांगरली. म्हणाली, "उन्हाळ्यात का पावसाळ्यात? आन शनवार-रविवार धरून का सोडून?" डॉक्टरीणबाईंनी मुकाट्यानं गोळ्या लिहून दिल्या.

एके काळी तिला सांगता यायचं. नसरापूरला हायवेच्या कडेला तिची आणि नवऱ्याची, गेनूची, खानावळ होती. ट्रकवाले, कंपनीतली पोरं, सगळी तिच्या भाकरीवर तुटून पडायची. मग पूल झाला आणि गाड्या डोक्यावरून जायला लागल्या. खाली बसून दोघं वरचा घरघराट ऐकायची. भाड्यापायी आधी फ्रीज गेला, मग बाकडी, मग गॅसची मोठी शेगडी. शेवटी एक तवा आणि एक परात टेम्पोत घालून दोघं गावी परतली. वाट्याची भाताची चार खाचरं होती, वर्षाचा तांदूळ निघायचा. बाकी मीठमिरचीसुद्धा विकतची.

त्यानंतर गेनूनं गवत कापायचं मशीन घेतलं. कुणाची मोटार बघ, कुणाचं पत्रं बसव, लग्नात आचाऱ्याच्या हाताखाली उभा राहा, असं चाललं. मंगल शनिवार-रविवारी गावामागच्या गडावर येणाऱ्या पोरापोरींना पिठलं-भाकरी घाली. उन्हाळ्यात करवंदांची पाटी घेऊन नसरापूरच्या फाट्यावर बसे. मध्येच गोधड्या शिवी. कुणाकडं जागरण-गोंधळ असला, साखरपुडा असला, की भाकऱ्यांची ऑर्डर घेई. गडावर येणाऱ्या पोरांकडं सुट्टे नसत म्हणून ती फोनवर पैसे घ्यायला शिकली. पैसे आले की फोनमधली बाई शहरी मराठीत मोठ्यानं ओरडायची, "रुपये प्राप्त झाले." पण पासलीत रेंजचा पत्ता नाही, पोरं वर गडावर गेल्यावर पैसे टाकत. त्यामुळं ती बाई बोले ती मंगल कुठंतरी उंचावर चढल्यावर. एकदा टेकाडावर शेळी शोधताना ती बाई सगळ्या आठवड्याची कमाई एका दमात ओरडून मोकळी झाली. शेळी बुजून पळाली ती पळालीच.

तर असं चाललं होतं. आणि आषाढात लावणी आली.

लावणी म्हणजे पासलीत पैरा. आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. मजुरी नाही, मोजणी नाही. दुपारची भाकरी तेवढी खाचरवाल्याची. मंगलनं खाचरं चिखलून घेतली होती, पाणी तुंबलं होतं, तरव्यातली रोपं वीतभर वर होऊन वाऱ्यावर हलत होती. आता आणखी चार दिवस थांबलं तर रोपाला कांडं धरणार, मग त्याला फुटवा यायचा नाही. म्हणजे वर्षाचा तांदूळ गेला. एवढंच त्यांच्या घरात विकत न घेतलेलं अन्न होतं.

मंगल बायांना सांगायला निघाली, तर पहिल्या घरी सासूला बरं नव्हतं. दुसऱ्या घरी म्हैस व्यायला झाली होती. तिसऱ्या घरी बाई दारातच म्हणाली, "न्हाई जमायचं बया," आणि काही कारणसुद्धा सांगितलं नाही. मंगल बुचकळ्यात पडली. हीच बाई पहाटे इरलं घेऊन दुसऱ्याच्या खाचराकडं जाताना तिनं पाहिली होती.

शेजारची रत्ना तरवा उपटत होती. मंगल बांधावर उभी राहिली.

"रत्ना, आगं माझं काय चुकलं का? कुणीच यीना."

रत्नानं रोपांची मूठ पाण्यात आपटून माती धुतली. "तुला काय कमी हाय? पैसं टाकून आण की बाया."

"ह्या दिवसांत कोण मिळतंय? आन हितं कदी पैशानं लावणी झाली?"

"मग म्हातारीच्या मयताच्या भाकरी तरी हितं कदी पैशानं झाल्या?" रत्ना म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

मंगलला आधी काही उलगडेना. मग हळूहळू तो दिवस आठवला.

ज्येष्ठात सगुणाबाईची सासू गेली. चांगली पिकलेली म्हातारी, पहाटे झोपेतच गेली. सकाळीच सगुणाबाईच्या पुण्यातल्या पुतण्याचा, पप्पूचा, टेकाडावर गेलेल्या गेनूच्या फोनवर निरोप आला, "मंगलकाकीला म्हनावं, दुपारला पन्नास भाकरी आन पिठलं आमच्या घरी पायजे. पैसं टाकलं." मंगलनं ऐकलं, लगेच पीठ मळायला बसली. ऑर्डर ती ऑर्डर. नसरापूरला कुणी गेलं तर जेवण खानावळीतूनच जायचं, पैसे आधीच येऊन पडायचे. इतकी वर्षं तिनं तसंच पाहिलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणी आपापल्या घरून भाकरी नेतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी आईबरोबर तिनं स्वतः नेल्या होत्या. पण हात पिठात गेला आणि डोकं तिकडं गेलंच नाही.

पाटी डोक्यावर घेऊन ती सगुणाबाईच्या अंगणात गेली. माणसं खाली मान घालून बसली होती. बायांनी कौतुकानं तिच्याकडं पाहिलं, एवढ्या भाकरी एकटीनं आणल्या म्हणून. ती वाढू लागली. आणि सगुणाबाईचं अंगण गावात सगळ्यात उंचावर. कनवटीच्या पिशवीतून ती बाई एकदम ओरडली, "आठशे रुपये प्राप्त झाले!"

घास हातातच राहिले. मंगलला वाटलं, दुःखाचं घर आहे, म्हणून घास उतरत नसतील.

आता रत्नाच्या बांधावर उभी असताना तिला ते उमगलं. ती तशीच टेकाडावर चढली आणि पप्पूला फोन लावला.

"पप्पू, त्ये भाकरीचं पैसं तुला माघारी टाकते रं."

"का वं काकी? भाकरी कच्च्या हुत्या का?"

"कच्च्या न्हाईत रं. तसं घ्यायचं नसतं."

"तुमी राबलात, म्या दिलं. मला सुट्टी न्हाई, माझ्या हातनं घरी एवढंच झालं. तुमी परत दिलं तर माझं काय ऱ्हायलं?"

आता हे आणखीच. त्याचं म्हणणं बरोबर होतं. रत्नाचंही बरोबर होतं. मंगल पैसे न टाकताच फोन पिशवीत घालून टेकाडावरून उतरली.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईची लावणी होती. मंगलला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेली, पदर खोचला आणि ओळीच्या शेवटी उभी राहून लावू लागली. बाया आपसात बोलत होत्या. ती जवळ आली की गप्प होत होत्या. पाऊस पाठीवर पडत होता. दुपारी सगळ्या बांधावर बसल्या. सगुणाबाईनं सगळ्यांना वाढलं, मंगललाही वाढलं. भाकरी जाडजूड होती, कडेला करपलेली.

मंगलनं हातातला घास खाली ठेवला. "सगुणामावशी, मी त्ये पैसं माघारी..."

"कुनाला?" सगुणाबाई म्हणाली. "माज्या सासूनं खाल्ल्या व्हय तुज्या भाकरी?"

बाया खुदकन हसल्या.

"आगं, त्या दिशी घास घशाखाली उतरू नये," सगुणाबाई म्हणाली, "तर तुज्या भाकरीला असला पापुद्रा सुटलेला, की माणसं म्हातारीला इसरून दुसरी मागाया लागली. मला बी ग्वाड लागली. त्येची मला लाज वाटत हुती. आन वरनं ती तुजी बाई वरडली."

"मग म्या आता काय करावं?"

"मला इचारतीस? आदी जेव. मग ती वरली वळ लाव. वाकडी लावलीयास, खानावळवाले."

मंगल जेवली. करपलेली कडसुद्धा खाल्ली. मग वरची ओळ उपटून पुन्हा लावली.

घरी गेल्यावर तिनं फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवला. सकाळी उजाडायच्या आत तवा ठेवला, भाकरी थापल्या. थापताना मध्येच तिचा हात थांबला. पापुद्रा सुटू द्यावा का नको? न सुटलेली भाकरी तिला करताच येत नव्हती. तशाच केल्या.

खाचरावर गेली तर सगुणाबाई पैरा फेडायला आधीच गुडघाभर चिखलात उभी. तिच्यामागोमाग रत्ना आली. सासूला बरं नसलेली आली, म्हैसवाली आली. संध्याकाळपर्यंत चारही खाचरं हिरवी झाली. मंगल बांधावरून सारखी बघत राहिली, जणू कुणी रोपं काढून नेईल.

ओढ्यावर पाय धुताना रत्ना म्हणाली, "मंगल, आमच्या शेफालीच्या पोराचं बारसं हाय. साठेक भाकरी लागतील. काय घेशील त्ये सांग."

सगळ्यांचे हात पाण्यात थांबले. मंगलनं सगुणाबाईकडं पाहिलं. सगुणाबाई दगडानं टाच घासत होती, मान वर करीना.

"बारशाचं... घेत्यात का गं?" मंगलनं विचारलं.

"आता ह्ये बी मीच सांगू?" रत्ना म्हणाली.

ती हसत होती का, ते अंधारून आल्यामुळं नीट दिसलं नाही. मंगल "उद्या सांगते" म्हणून घरी आली. गेनू मशीनचं पातं पुसत बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"आवं, बारसं म्हंजी घ्यायचं का न्हाई घ्यायचं?"

गेनूनं पातं खाली ठेवलं. "साखरपुड्याचं घेतो आपण," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण रत्ना शेजारची." मग पातं पुन्हा उचलत, "पण साठ भाकरी हाईत."

"मग?"

"उद्या तिच्या खाचरात जायाचं हाय न्हवं, पैरा फेडाया? तिथं बघ ती काय वाढती, त्यावरनं ठरव."

मंगलनं मान हलवली. मग तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून फोन बंद आहे का, ते पुन्हा एकदा पाहिलं.