शेंगेच्या फ्रॉकची शिवण

बालवाडीची ताई दारात उभी राहून शिट्टी फुंकत होती आणि शिट्टी वाजत नव्हती. नुसती फुस्स. आतली गोळी अडकली होती. तिने शिट्टी चौकटीवर आपटली, पदराने पुसली, पुन्हा फुंकली. फुस्स.

"आजच मेलीला धाड भरायची होती!"

या वस्तीत शिट्टीशिवाय बालवाडी भरत नाही. घरं डोंगरावर कशीही विखुरलेली, एक वर ढगात, एक खाली ओढ्यात. ताईची शिट्टी वाजली की बाया पोरांना दाराबाहेर काढतात आणि पोरं उतारावरून घरंगळत येतात. आणि आज मॅडम येणार होत्या. तपासणीच्या मॅडम. मागच्या खेपेला याच खोलीत, सगळ्या बायांसमोर, त्या ताईवर कडाडल्या होत्या, "इतक्या मुलांचं वजन लाल रेघेखाली? सुधारणा कुठंय? असंच चाललं तर हे केंद्र खालच्या गावाला जोडतील!"

खालच्या गावाला. म्हणजे तीन वर्षांच्या पोराने तो कडा उतरायचा. जोडतील कसलं, बंदच की.

पायरीवर उन्हात ताईची सासू बसली होती. मांडीवर शिवणटिपण.

"शिट्टी कशाला हवी?" म्हातारी म्हणाली. "घरात माझ्यावर ओरडतेस तसं ओरड. पलीकडच्या डोंगरावरची पण येतील."

"आत्या, आज नको हं."

"बरं, नको तर नको. जाता जाता सुईत दोरा ओवून दे."

"परवापासून कितीदा ओवून दिला! एवढं काय शिवताय?"

"तुझं तोंड."

ताईने दोरा ओवून दिला. घाईत दोन-तीनदा चुकला. मग शिट्टी पुन्हा आपटली तशी गोळी सुटली आणि वाजली एकदाची.

पोरं आली. आज आया पण सोबत आल्या, सगळ्या, अगदी चुलीवरचं टाकून. ताईला बरं वाटलं आणि कसंतरीही झालं. एरवी बोलावून येत नाहीत. आज न बोलावता, आणि एकीचाही आवाज नाही. पोरं पण गप्प. या वस्तीतली पोरं गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय.

सगळ्यांत शेवटी शेंग आली, सुताराच्या कडेवर. सुताराची नात. अंगाने इतकी बारीक की आजोबानेच शेंग नाव पाडलं. गेल्या महिनाभर ताई त्या घराच्या खेपा घालत होती. पोरगी खाली दवाखान्यात न्या, भरती करा. शेंगेची आई तयार होती, पण घरात सुताराचा शब्द. सुतार म्हणायचा, "आमच्याकडे सगळेच काटकुळे. तुझ्या तक्त्यावर लाल आली तर नेतो. तोवर नाव काढायचं नाही." आणि मागच्या वजनाला ती लालच्या काठावर लटकली होती. तेव्हापासून ताईचा जेवणात जीव नव्हता. आज लाल येणार हे तिला माहीत होतं. येऊ नये असंही वाटत होतं, आणि आली तर बरं असंही.

मॅडम आल्या. चढून चढून लालबुंद, चपलेचा अंगठा तुटलेला. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "चला, वजनं घ्या."

काटा आढ्याला टांगलेला, त्याला कापडी झोळी. खिडक्यांना काचा नव्हत्या. पुठ्ठे लावलेले, तेही फाटके. वारा सरळ आत. कपडे काढले की पोरं निळी पडायची, आया भांडायला उठायच्या. म्हणून ताई कपड्यांसकट वजन घ्यायची आणि कपड्यांचं म्हणून थोडं अंदाजाने वजा करायची. चूकच ती. पण सगळ्या वस्तीला ठाऊक असलेली चूक.

पहिला पोरगा झोळीत गेला. तक्त्यावर हिरवा, म्हणजे ठीक. दुसरी, हिरवी. ताईने काट्याला टिचकी मारली. काटा ठीक होता. तिसराही वर गेलेला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "बघा, मनावर घेतलं की होतं."

ताई हसली नाही. एका महिन्यात? सगळी?

मग शेंग. झोळीत बसली, काटा हलला, थांबला. पिवळ्यात. लालच्या वर, चांगली पिवळ्यात.

"बघ!" सुतार दारातून म्हणाला. "मी म्हणत नव्हतो? उगीच जिवाला घोर."

शेंगेची आई कुणाकडेच बघत नव्हती.

ताईने शेंगेला झोळीतून उचललं. फ्रॉकचा घेर टेबलाच्या लोखंडी पायाला लागला आणि आवाज आला. टक्.

कापड टक् वाजत नाही.

ताई तशीच उभी राहिली. खांद्यावर शेंगेचं डोकं, गरम. मॅडम तक्ता बघत होत्या, खूश होत्या. गप्प बसलं की झालं. केंद्र राहील. मॅडम हसत खाली जातील. आणि शेंग पिवळ्यात राहील, घरी राहील, आजोबा म्हणेल उगीच जिवाला घोर. ताईने बायांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. पायरीवरून सासू मान ताणून आत बघत होती.

ताईने फ्रॉकचा घेर उचलला, शिवण दाताखाली धरली. क्षणभर थांबली. मग कचकन तोडली.

ओढ्यातले गोटे खाली पडले, टपटप. एक गडगडत मॅडमच्या तुटक्या चपलेशी जाऊन थांबला.

"पोरं आहेत," सासू पायरीवरून म्हणाली. "दगड भरायचीच."

"शिवणीत, आत्या?"

मॅडमनी गोटा उचलला. "हे कुणी करायला सांगितलं?"

"चूक माझी आहे," ताई म्हणाली, फार घाईने. "मी कपड्यांसकट वजन घेते. तसं घेतलं नसतं तर हे झालंच नसतं. यांना काही म्हणू नका. मला काय ते म्हणा."

"ताईला बोलणी बसतात म्हणून केलं," मागून एक आई म्हणाली आणि रडायलाच लागली. "पोरं लाल आली की ताईला घालवतील, केंद्र बंद करतील..."

मॅडम खाली बसल्या. गोटा हातात फिरवला. मग म्हणाल्या, "लाल पोरं असतात तिथंच केंद्र लागतं, बायांनो. मागच्या वेळी मी ओरडण्यापेक्षा हे सांगायला हवं होतं. पण निर्णय माझ्या हातात नाही. खरी वजनं गेली की वरचे काय करतील, मला सांगता येत नाही."

"खरी घेऊ," ताई म्हणाली.

बायांनी खिडक्यांना लुगडी बांधली. सासूने स्वतःची शाल काढून मोठ्या भोकात कोंबली. पोरांचे कपडे उतरवले, पुन्हा काटा. शेंग लाल. काठावर नाही, पार खाली.

सुतार आत आला. काट्याकडे बघत राहिला. मग हत्यारांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, "द्या इकडे. मीच नेतो." नातीला पाठीशी बांधून तो मॅडमच्या पुढे कडा उतरला, शेंगेची आई मागे. ताई वळणापर्यंत गेली. परतली तेव्हा शिट्टी तिच्या मुठीत घट्ट धरलेली होती.

मग नुसती वाट बघणं. केंद्राचं काय, कळेना. शेंगेचं काय, कळेना. खालून येणाऱ्या प्रत्येकाला ताई अडवायची. सासू म्हणायची, "माणसाला श्वास तरी घेऊ दे!" आणि मग स्वतःच विचारायची, "काय म्हणाला?"

शेंग आली ती आजोबाच्या खांद्यावर बसून, त्याचे केस ओढत. ताईला बघून तिने जीभ काढली. ताईने तिला तिथंच रस्त्यात खांद्यावरून उतरवून घेतलं. केंद्रही राहिलं. काचा आल्या, सुताराने बसवल्या आणि मजुरी विचारली तर अंगावर आला. आता वजन बंद खिडक्यांत होतं, उघड्या अंगाने.

गोटे शिवले कुणी, हे ताईने कुणालाच विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, मोठं मन. खरं कळलं ते म्हातारी गेल्यावर, ताईने सांगितलं तेव्हा. तोवर ताईने अक्षर काढलं नव्हतं. शेंगेच्या फ्रॉकला होता तो जाड निळा दोरा. ताईने खास वजनाची झोळी शिवायला आणलेला, वस्तीत दुसऱ्या कुणाकडे नसलेला. दाताखाली धरला तेव्हाच तिने तो ओळखला होता.

आणि त्या वजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीने सुई पुढे केली, तेव्हा तिने काही न बोलता दोरा ओवून दिला होता.