साखर नसलेलं रक्त

काचपट्टीवर रक्ताचा थेंब आणि सीरमचा थेंब एकत्र केला, की सुमनताई ती हलकेच डोलवायच्या आणि गुठळ्या होतात का ते श्वास रोखून बघत राहायच्या. तेवढा वेळ फोन वाजला तरी वाजू द्यायच्या.

२००४च्या सुमारास मी कॅम्प तीन नावाच्या वस्तीतल्या एका लहान रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागले. अंबरनाथहून येणाऱ्या सुमनताई तिथल्या सगळ्यांत जुन्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पाठांतर नको गं, डोळ्यांपुढे आण. पेशीचा पडदा म्हणजे तेलाचा तवंग. त्यावर प्रथिनं तरंगतात, सरकतात, मध्येच घोळका करतात. त्यांच्या अंगावर साखरेचे तुरे. त्या तुऱ्याचं टोक कसं आहे, त्यावर आपला रक्तगट."

एका सकाळी जवळच्या प्रसूतिगृहातून कविता नावाच्या बाळंतिणीच्या रक्ताचा नमुना आला. मुलगी झाली होती, पण रक्तस्राव थांबत नव्हता. गट 'ओ' दिसला. मात्र 'ओ'ची जी पिशवी जुळवून बघावी, तिच्या थेंबात गुठळ्या. पाचव्या पिशवीनंतर ताई खुर्चीत बसल्या. "बॉम्बे गट आहे गं. 'ओ'वाल्यांकडे जी साखर असते, तीही हिच्या पेशींवर नाही. आपलं कुठलंच रक्त चालायचं नाही."

ठाणे, मुंबई, पुणे, सगळीकडे फोन झाले. कुठेच पिशवी नव्हती.

कविताचा नवरा जीन्सच्या कारखान्यात शिलाई करायचा. तो खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, उसके खून में कम क्या है?"

"एक शक्कर, भाई," ताई म्हणाल्या.

"शक्कर? शक्कर तो मैं अभी ले आता हूँ!"

ताईंनी विचारलं, "उसका सगा भाई-बहन कोई है? फौरन बुलाओ."

बहीण बदलापूरला होती. हर्षा दुपारी धापा टाकत आली. तिचं रक्त कविताच्या सीरममध्ये मिसळलं. एकही गुठळी झाली नाही. ताईंनी माझा हात घट्ट दाबला. तपासण्या उरकून हर्षाला कॉटवर घेतलं, सुई लावली.

पिशवी अर्धी भरली असताना प्रसूतिगृहातून फोन आला. मी घेतला. कविता गेली होती. ताईंना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"जल्दी भर रही है ना, दीदी?" हर्षा मूठ उघडझाप करत विचारत होती.

एरवी ताई फटकन खरं बोलायच्या. "हां बेटा," त्या म्हणाल्या आणि पिशवी भरेपर्यंत तिच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

ते रक्त पस्तीस दिवस टिकणार होतं. ताई रोज कामावर आल्या आल्या सगळ्या रक्तपेढ्यांना फोन करायच्या, "आमच्याकडे बॉम्बे गटाची एक पिशवी आहे. कोणाला हवीय का?" कोणालाच नको होती.

मुदत संपली त्या दिवशी ताई न सांगता घरी राहिल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पिशवी मला टाकून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी आल्या. फ्रिज उघडून त्या रिकाम्या कप्प्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. मग दार लावून काचपट्ट्या मांडायला घेतल्या.